बी सोडणारा हात

माशाचं पिल्लू आजारी पडलं की आधी खाणं सोडतं. नंतर कळप सोडतं. मग जिथून टाकीत ताजं पाणी पडतं त्या तोंडाशी येऊन पृष्ठभागाला टेकून राहतं. हे सगळं मी परीक्षेत नीट लिहिलं होतं आणि त्याला चांगले गुणही मिळाले होते. पुढं ते माझ्याच टाकीत दिसलं तेव्हा मी काय केलं, ते आज लिहितो आहे. बायको म्हणते, एवढ्या वर्षांनी लिहून कुणाचं भलं होणार आहे? तिचं बरोबर आहे. कुणाचंच होणार नाही.

मी कोकणात चार वर्षं राहून मत्स्यशास्त्राची पदवी घेतली. परत आलो तेव्हा गावातले लोक विचारायचे, मासे धरायला पदवी लागते का रे बाबा? नोकरी मिळाली नाही, म्हणून फुलंब्रीजवळच्या आमच्या शेतात सिमेंटच्या चार टाक्या बांधल्या, प्लास्टिक अंथरून दोन तळी केली आणि माशांचं बी तयार करायला लागलो. मासेमारी करणारे लोक बोटाएवढ्या पिल्लांना बी म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडाशी मी रोहू, कटल्याची अगदी बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं आणायचो, ती दोन महिने वाढवायचो आणि तलाव भरले की गावोगावच्या सोसायट्यांना द्यायचो. त्याआधी आमच्याकडचं बी लांबून, रेल्वेनं यायचं. निम्मं वाटेत मरायचं. मी सगळीकडे सांगत फिरायचो की बाहेरचं बी रोगट असतं, आपलं इथलं, आपल्या पाण्यातलं बी घ्या. हे सांगताना मला फार बरं वाटायचं. पहिली तीन वर्षं ते खरंही होतं.

खुलताबादच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक तलाव आहे. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी दगडमाती वाहून त्याचा बांध घातला. त्या गावातल्या भोयांची छोटीशी मच्छीमार सोसायटी होती आणि ती माझं बी घेणारी पहिली सोसायटी. तिथं एक रीत होती. बी आलं की पहिली पिशवी एकाच माणसानं सोडायची. तो माणूस म्हणजे साठीच्या आसपासचे एक गृहस्थ. सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. तरुणपणी त्यांनी त्या बांधावर दगड वाहिले होते आणि तलावात पहिलं बी पडलं तेही त्यांच्याच हातून. ते बी चांगलं लागलं, तेव्हापासून त्यांच्या हाताला गुण आहे असं ठरलं. एखाद्या सुईणीच्या हाताला गुण असतो म्हणतात ना, तसं. आबा कमरेइतक्या पाण्यात उतरायचे, पिशवी बराच वेळ तशीच पाण्यावर ठेवायचे, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं झालं की नाही ते बोटं घालून बघायचे आणि मग तोंड सोडून पिशवी आडवी करायचे. पिल्लं आपल्या पायांनी निघाल्यासारखी बाहेर पडायची. बांधावर बायका नारळ फोडायच्या. आबा वर येऊन एका शब्दानं बोलायचे नाहीत, पण त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. सोसायटीत ना ते चेअरमन होते, ना सेक्रेटरी. त्यांच्याकडे हे एवढंच होतं.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतो त्या वर्षी आबांच्या उजव्या हाताच्या बोटांवर कोड उठलं होतं. आदल्या उन्हाळ्यात नखांपाशी दोन ठिपके होते, आता चार बोटांची पेरं पांढरी झाली होती. ते हात लपवत नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, “चुना लावून लावून पांढरे झाले, साहेब. तंबाखू सोडतो आता.” आणि हसले.

त्या वर्षी पाऊस फार लांबला. माझ्याकडे बी तयार होतं, पण तलावांत पाणी नव्हतं, त्यामुळे कुणी न्यायला येईना. पिल्लं वाढत होती आणि टाक्या तेवढ्याच होत्या. ऊन उतरत नव्हतं. टाकीत नेहमीच्या दुप्पट पिल्लं झाली होती हे मला माहीत होतं. थोडी सोडून द्यायला हवी होती, नदीत नाहीतर कुणाच्या विहिरीत, फुकट. मी रोज उद्यावर ढकललं. मग एकदम आठवडाभर पाऊस कोसळला, तलाव भरले आणि एकाच दिवसात सगळ्यांचे फोन सुरू झाले.

त्याच सकाळी मला तिसऱ्या टाकीत पाण्याच्या तोंडाशी टेकलेली पिल्लं दिसली. दोन-तीन काढून बघितली. पाठीवरच्या पंखाच्या दोन्ही बाजूंना, खोगीर टाकावं तसा फिकट पांढरा पट्टा. शेपटीची कड विरलेल्या कापडासारखी झालेली. कल्ला उचलला तर आत लालभडक रंगाऐवजी पिवळट, कुजकट कडा. माझ्याकडे कॉलेजातून लिलावात घेतलेला एक जुना मायक्रोस्कोप होता. कल्ल्याचा कण काचेवर घेऊन बघितलं. लांब, बारीक, केसांसारखे जिवाणू. ते सरपटत एकमेकांकडे जात होते आणि ठिकठिकाणी एकावर एक चढून ढीग करत होते. आमच्याकडे शेतात कडब्याच्या गंज्या लावतात, तशा छोट्या छोट्या गंज्या. पुस्तकात या रोगाची हीच खूण दिली आहे. शंकेला जागाच नव्हती. मी बराच वेळ त्या गंज्यांकडे बघत बसलो. खोटं का बोलू, मला ते दृश्य सुंदर वाटलं होतं.

काय करायचं तेही मला ठाऊक होतं. पिल्लांना हात लावायचा नाही, जाळं घालायचं नाही, कारण जाळ्यानं खवले घासले की तिथूनच रोग आत शिरतो. निम्मी पिल्लं पाण्यासकट तळ्यात उतरवून टाकीतली गर्दी कमी करायची, टाकीच्या पाण्यातच मीठ टाकायचं, जी खातात त्यांना खाद्यातून औषध द्यायचं, आठ-दहा दिवस थांबायचं. आणि ज्यांना बी द्यायचं कबूल केलंय त्यांना फोन करून सांगायचं की माझ्या बीला रोग झाला आहे, यंदा येऊ नका.

हा फोन मी केला नाही. का केला नाही याचं कारण मी इतकी वर्षं वेगवेगळं सांगत आलो. स्वतःलाच. कधी म्हणतो, शेजारच्या, दोन नंबरच्या टाकीतली पिल्लं अजून बरी दिसत होती. कधी म्हणतो, बरेचदा पिल्लं मोठ्या पाण्यात गेली की आपोआप सुधारतात. हे थोडं खरंही आहे. पण मुख्य कारण साधं होतं. बाहेरचं बी रोगट असतं असं मी गावोगाव सांगत फिरलो होतो आणि आता त्याच तोंडानं माझं बी रोगट आहे म्हणायची मला लाज वाटली. त्या लाजेपायी मी त्या दोन नंबरच्या टाकीत लाल पोटॅश टाकलं, विहिरीत जंतू मारायला टाकतात ते. पोटॅशनं वरचा रोग जरा धुतला जातो, पिल्लं तरतरीत दिसतात, पाठीवरचा पट्टा पुसट होतो. दिवसभर तरी. मग जाळं घातलं, दिसायला वाईट होती ती निवडून काढली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी आबांच्या सोसायटीचे लोक आले.

आबा दरवर्षी बी न्यायला स्वतः यायचे. टेम्पो ज्याचा होता त्याला सगळे मामू म्हणायचे. तो शहरातला, जुन्या गल्लीतला, आमचा नेहमीचा माणूस. आबांनी पिशव्या भरण्याआधी बाही वर केली आणि हात पाण्यात घालून तळवा उघडा ठेवून स्तब्ध उभे राहिले. चांगलं बी असेल तर माणसाचा हात पाण्यात गेल्याबरोबर फुटल्यासारखं चहूकडे पांगतं. त्या दिवशी ती पिल्लं हळूहळू आली आणि आबांच्या तळव्यावर येऊन बसली.

“साहेब,” आबा म्हणाले, “हे बी हाताला भीत नाय.”

मी म्हणालो, “पोटॅशची गुंगी आहे, आबा. तासाभरात उतरेल.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग परत पाण्याकडे बघितलं. “तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हन्ता तर असंल.”

पिशव्या भरल्या, त्यांत ऑक्सिजन सोडला, वर ओली पोती टाकली. आबा मागं पिशव्यांपाशी बसले, मी मामूच्या शेजारी. फुलंब्री मागं पडल्यावर मामूनं गाडी थांबवून मागं डोकावून बघितलं आणि परत येऊन म्हणाला, “साब, पिछले साल तो थैलियाँ ऐसे फडफडा रई थीं के मेरेकू लगा छत पे बारिश पडरी. इस साल के बच्चे तो एकदम चुप बैठे हैं. मार-बिर दिया क्या इनकू?”

“चल रे मामू, उशीर होतोय,” मी म्हणालो.

“मैं तो चलराऊँ. चाचा से पूछो, उनो पीछे रोने जैसा मूँ करके बैठे.”

मी मागं वळून बघितलं नाही.

तलावावर सगळं दरवर्षीसारखं झालं. आबा पाण्यात उतरले, पिशवी तरंगत ठेवली. नेहमीपेक्षा जास्तच वेळ ठेवली. बांधावरून चेअरमन ओरडले, “आबा, आता काय अंडी उबवता का?” लोक हसले. आबांनी बोटं बुडवून बघितलं आणि पहिली पिशवी सोडली. पिल्लं बाहेर पडली, पण खोल पाण्याकडे गेली नाहीत. काठाकाठानं घोटाळत राहिली. माझ्याखेरीज ते कुणी बघितलं असेल तर आबांनी. नारळ फुटला, प्रसाद वाटला, मी खाल्ला.

चौथ्या दिवशी सकाळी चेअरमनांचा फोन आला. वाऱ्याच्या बाजूचा सगळा काठ मेलेल्या पिल्लांनी पांढरा झाला आहे, बगळे बसलेत, ताबडतोब या. त्या वेळी मी माझ्या शेताच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात तिसऱ्या टाकीतलं बी पुरत होतो. ते आदल्या दोन दिवसांत सगळं मेलं होतं आणि बाकीच्या सोसायट्यांना मी बी संपलं म्हणून कळवलं होतं. वर चुना टाकला, माती ओढली, हात धुतले. बायको चहा घेऊन आली होती. तिनं खड्डा बघितला, माझ्या चपलांवरचा चुना बघितला.

“त्यांना सांगणार आहात ना?” ती म्हणाली.

“सांगतो,” मी म्हणालो. वाटेत मी वाक्यही जुळवलं होतं. बी माझ्याकडेच आजारी होतं, चूक माझी आहे. एवढंच. गाडी चालवताना ते मोठ्यानं दोनदा म्हणूनही बघितलं.

सोसायटीच्या खोलीत पंधरा-वीस जण होते. बाहेर पायरीवर आबा बसले होते. चेअरमन तसे सरळ माणूस. ते रागावले नव्हते, गोंधळले होते. त्यांनी एका ताटलीत काही मेलेली पिल्लं आणून ठेवली होती. पाठीवरचे पांढरे पट्टे आता ठळक झाले होते.

“साहेब, हे काय म्हनावं?”

मी म्हणालो, “माझ्याकडून निघालं तेव्हा बी चांगलं होतं. आबांनी स्वतः हात घालून बघून घेतलं.”

जुळवलेलं वाक्य कुठं गेलं ते मला आजही सांगता येणार नाही. माझं मलाच ऐकू आलं की मी हे बोललो.

सगळ्यांनी दाराकडे, आबांकडे बघितलं. आबा पायरीवरून म्हणाले, “बघितलं खरं म्या.” हाताला भीत नव्हतं, हे त्यांनी सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो? बहुतेक परत पोटॅशचंच सांगितलं असतं.

मग कोपऱ्यातून कुणीतरी ते बोललं. कोण बोललं ते मला माहीत आहे, पण त्याला दोष देण्यात अर्थ नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी मनात ते आलंच असतं. “पिल्लाची पाठ पांढरी अन् आबाची बोटं पांढरी. हातचं उतरलं माशावर.”

आधी कुणीतरी “च्, काहीबी काय” म्हणालं. मग दुसरा म्हणाला, पहिली पिशवी त्यांनीच सोडली ना. तिसरा म्हणाला, यंदा तर लई येळ हात आत व्हता. बघता बघता ती गोष्ट खोलीत उभी राहिली. चेअरमनांना ती पटलेली नव्हती, हे मला दिसत होतं. ते माझ्याकडे वळले आणि मनापासून विचारलं, “साहेब, तुम्ही त्यातले जानकार. खरं सांगा. मानसाचं कोड माशाला लागतं का?”

कोड कुणालाच लागत नाही. ना माणसाचं माणसाला, ना माणसाचं माशाला. त्या माणसाच्या कातडीतला रंग तेवढा जातो. आणि माशाच्या पाठीवर जे होतं ते मी पाच दिवसांपूर्वी काचेवर बघितलं होतं, त्याच्या गंज्या डोळ्यांसमोर होत्या. एक ‘नाही’ पुरेसा होता. ‘नाही’ म्हटल्यावर मला रोगाचं कबूल करावं लागलं असतं असंही नव्हतं. पण ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग काय झालं असेल?

मी म्हणालो, “सांगता येत नाही.”

पायरीवर बसलेल्या आबांनी उजवा हात उचलून डाव्या काखेत घातला. मी हे बघितलं. आजही बैठकीत, लग्नात, बसमध्ये कुणी थंडीनं तसा हात घातला की माझं बोलणं तुटतं.

दोन वर्षांत मी टाक्या बंद केल्या. त्याचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. माझ्या बीला कुणी नाव ठेवलं नाही. उलट पुढच्या वर्षी त्याच सोसायटीनं परत माझ्याकडूनच बी नेलं, फक्त न्यायला आबा आले नाहीत. मीच उबगलो. शेंद्र्याला एका कारखान्यात नोकरी लागली, ती अजून आहे. तिथं माझं काम तयार मालाच्या तपासणीचं. तडा दिसला की माल बाजूला काढायचा आणि कागदावर सही करायची. साहेब लोक म्हणतात, हा माणूस फार काटेकोर आहे.

आबांचं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत राहिलं. सोसायटीनं त्यांना काढलं नाही. कुणी अपमानही केला नाही, निदान तोंडावर तरी. आधी फक्त बी सोडायला दुसरा माणूस उभा केला. मग जाळं ओढताना लोक म्हणायला लागले, आबा, तुम्ही वर बसा, वय झालं. मग मासे निवडताना, आबा, ऱ्हाऊ द्या. तलावाच्या पाण्यात ते शेवटचे कधी उतरले ते कुणाला आठवत नव्हतं. कोड मात्र बोटांवरून मनगटावर आणि मनगटावरून कोपरापर्यंत चढत गेलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. एकदा कारखान्याच्या सुटीच्या दिवशी मी खुलताबादला गेलो होतो. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आबा दिसले. उन्हाळा होता आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं लावलेली. मला ओळखलं, शेजारी बसवून घेतलं. मी दोन चहा सांगितले. पोऱ्या नव्हता, मालकच घेऊन आला. माझ्यासमोर काचेचा ग्लास ठेवला आणि आबांसमोर कागदी कप.

मी मालकाकडे बघितलं. आबा म्हणाले, “त्याला नका बोलू. म्याच तसं सांगून ठेवलंय. उगंच कुनाच्या मनात किल्मिष नको.”

तिथं, त्या टेबलावर, मी त्यांना सगळं सांगितलं. टाकीचं, पोटॅशचं, मायक्रोस्कोपचं, पुरलेल्या बीचं. आबा कपावरची साय बोटानं काढत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी ती साय कपाच्या कडेला पुसली.

“बी आजारी व्हतं ते म्या तव्हाच वळखलं,” ते म्हणाले. “हाताला भ्यालं नाय तव्हाच.”

“मग बोलला का नाहीत, आबा?”

“म्हन्लं आपलंच चुकत असंल. शिकलेल्या मानसाम्होरं काय बोलायचं.” मग त्यांनी कप खाली ठेवला. “बीचं सोडा. बी मरतंच. आमच्या देखत कितींदा मेलं. पन ते कोडाचं, साहेब, ते लागत नाय हे तुम्हाला ठाव व्हतं ना?”

“होतं.”

“मंग तेवढं तरी सांगायचं व्हतं.”

ते पुढं म्हणाले, “घरात नातवंडं झाली. सून लई चांगली हाय, काय म्हनत नाय. पन म्याच उचलून घेतलं नाय कुनाला. कोन जाने, म्हन्लं. साहेबबी म्हनलेच व्हते, सांगता येत नाय म्हनून.”

मी त्यांचा हात धरायला गेलो. त्यांनी तो टेबलाखाली घेतला. “मला सांगून काय व्हतंय? तिकडं सांगा. चारचौघांत.”

म्हणून मी सोसायटीच्या बैठकीला गेलो. बी सोडायचे दिवस जवळ आले होते. चेअरमन तेच होते, केस पांढरे झाले होते. मी उभा राहून सगळं सांगितलं, या वेळी एकही शब्द गाळला नाही. वाटलं होतं लोक चिडतील, शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या. दोघे-चौघे चिडलेही. एक म्हणाला, “आमचं अख्खं वर्स बुडवलं व्हतं की वो तुम्ही!” पण चेअरमनांनी त्याला बसवलं. “एवढ्या वर्सांनी कोन येऊन कबूल करतं? मोठं मन लागतं त्याला.” दोन-तीन माना हलल्या. मला कळेना की मी शिक्षा घ्यायला आलोय की सत्कार.

मी म्हणालो, “मग यंदा पहिली पिशवी आबांना सोडू द्या.”

मागून एक जण म्हणाला, “बी खराब व्हतं हे मान्य. पन आबाचा हात तर पांढरा हायेच ना? तो काय गेला का?”

“अहो, त्याचा काही संबंध नाही,” मी म्हणालो. “कोड लागत नाही. कुणालाच नाही.”

“तव्हा तर म्हनला व्हता सांगता येत नाय,” तो म्हणाला. तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच दोन्हींपैकी कशावर विश्वास ठेवायचा ते ठरवता येत नव्हतं.

चेअरमनांनी तोडगा काढला. “असं करू. आबांना मान देऊ. पन हातमोजे घालून. दवाखान्यात घालतात तसे. म्हंजी कुनाच्या मनात काय ऱ्हायचं नाय. काय साहेब, चालंल ना?”

आता तरी ‘चालणार नाही’ म्हणायचं होतं. मी म्हणालो, “चालेल. मी आणतो. आमच्या कारखान्यात चांगले मिळतात.” आणि सांगायला लाज वाटते, पण गावाबाहेर पडेपर्यंत मला आपण आबांचं काम केलं असंच वाटत होतं.

हातमोजे निळे होते, जाड रबराचे, कोपरापर्यंत येणारे. बी सोडायच्या दिवशी सकाळी मी ते घेऊन आबांच्या घरी गेलो. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपी घातली होती. म्हणजे त्यांना निरोप मिळाला होता, मात्र अर्धाच. मी पिशवीतून हातमोजे काढले तेव्हा त्यांनी विचारलं, “हे कुनाला?”

मी समजावून सांगितलं. लोकांच्या समाधानासाठी. नुसतं यंदापुरतं. ते ऐकत हातमोजे उलटेपालटे करून बघत होते.

“पानी ऊन हाय का गार, ते बोटाला कळतं, साहेब. रबराला काय कळनार?”

“फक्त पिशवीचं तोंड सोडायचंय, आबा.”

त्यांनी हातमोजे आतल्या खोलीच्या दाराशी ठेवले आणि सुनेला हाक मारली. “अगं, हे ठेव. गोठ्यात शेन काढायला व्हतील.” मग टोपी काढून खुंटीला लावली आणि मला म्हणाले, “जावा तुम्ही. बी पिशवीत जास्त येळ बरं नाय.”

मी बांधावर गेलो. दुसरीकडचं बी घेऊन टेम्पो आला होता, बायका नारळ घेऊन उभ्या होत्या. आबा येत नाहीत म्हटल्यावर थोडी कुजबुज झाली, फार नाही. उन्हं चढत होती. चेअरमन मला म्हणाले, “मंग साहेब, तुम्हीच सोडा. आज तुमच्यापरीस मोठ्या मनाचा कोन हाय इथं?”

मी नको म्हणालो. परत आग्रह झाला, परत नको म्हणालो. तिसऱ्यांदा एका बाईनं हसून म्हटलं, “सोडा की वो भाऊ, बी ताटकळलंय,” आणि मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलो. पिशवी तरंगत ठेवली. बोटं घालून बघितलं. तोंड सोडलं. पिल्लं एका झटक्यात खोल पाण्यात गेली, बांधावर नारळ फुटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बी त्या वर्षी उत्तम लागलं. एवढे मोठे कटले बऱ्याच वर्षांत निघाले नव्हते, असं चेअरमन फोनवर सांगत होते. आता दरवर्षी मला बोलावणं येतं. माझ्या हाताला गुण आहे म्हणतात. आबांच्या घरावरूनच तलावाचा रस्ता जातो. मागच्या वर्षीही त्याच रस्त्यानं बी सोडायला गेलो होतो.